कराटेचा बेल्ट आणि फुल कॉन्टॅक्टची लढत

कराटेच्या बेल्टची उतरंड दोन भागांत असते. पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंतच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात. पहिला क्यू सर्वांत वरचा. त्यापुढे ब्लॅक बेल्ट. तिथून दान सुरू होतात आणि ते सरळ चढत जातात. मधल्या रंगांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. क्योकुशिन शाखेत पांढऱ्यानंतर नारिंगी, निळा, पिवळा, हिरवा, तपकिरी असा क्रम रूढ आहे. शोतोकान शाखेच्या अनेक वर्गांत पांढऱ्यानंतर पिवळा येतो. त्यामुळे निगडीतल्या एका वर्गाचा निळा बेल्ट आणि चाकणमधल्या दुसऱ्या वर्गाचा निळा बेल्ट एकाच तयारीचे असतील असे नाही.

पांढरा पट्टा घामामातीने मळत मळत काळा झाला, ही कथा मुलांना हमखास सांगितली जाते. ऐकायला छान आहे, खरी नाही. दान देण्याची पद्धत ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची. त्यांनी १८८३मध्ये दोन शिष्यांना पहिले दान दिले; काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. ओकिनावाचे कराटे टोकियोत रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२४मध्ये ती पद्धत कराटेत आणली.

पिंपरी-चिंचवड परिसरात कराटेचे वर्ग शाळांच्या सभागृहांत आणि सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये भरतात. खालच्या बेल्टची परीक्षा साधारण तीन-चार महिन्यांनी होते. तिचे तीन भाग असतात. किहोन म्हणजे ठोसे, लाथा, अडवणी आणि पवित्रे. कता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. कुमिते म्हणजे समोरच्याशी लढत. खालच्या पायऱ्यांवर कुमितेही ठरवून दिलेली असते. कोण मारणार, कुठे मारणार, हे आधीच माहीत असते. मोकळी लढत पुढे येते. दहावीचा पेपर शिकवणारे सर तपासत नाहीत; बेल्टची परीक्षा मात्र बहुधा शिकवणाऱ्याच्याच संघटनेची असते आणि फीही तिच्याकडेच जाते. सगळ्या संघटनांना लागू होईल असे सरकारी परीक्षा मंडळ नाही. प्रामाणिक शिक्षक मुलाला थांबवतोही. जिथे कुणीच कधी नापास होत नाही, तिथल्या रंगाला फारसा अर्थ उरत नाही. भोसरीत कुस्तीची परंपरा जुनी आहे आणि तालमीत असा कोणताही बेल्ट नाही. पैलवानाची पत कुस्त्यांवर ठरते.

राज्याच्या क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा ही वेगळी वाट आहे. त्यात गट वय आणि वजनावर पडतात. वयाच्या मर्यादा १४, १७ आणि १९ वर्षे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्पर्धा स्वतंत्र जिल्हास्तराची धरली जाते, तर चाकण खेड तालुक्यात असल्याने तिथल्या शाळा पुणे ग्रामीणमध्ये खेळतात. म्हणून भोसरी आणि चाकणची मुले समोरासमोर येतात ती विभागात. दहावी-बारावीचे क्रीडागुणही मान्यताप्राप्त स्पर्धांवर मिळतात, बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाही. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत तर लढणाऱ्याला स्वतःच्या बेल्टचा रंगच दाखवता येत नाही. एकाने लाल आणि दुसऱ्याने निळा पट्टा बांधायचा. ठोशाला एक, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन गुण. मार नियंत्रित हवा. जोरात लागला तर गुण मिळण्याऐवजी ताकीद मिळते.

फुल कॉन्टॅक्टचा हिशेब उलटा आहे. क्योकुशिनचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांना थांबवलेला ठोसा मान्य नव्हता. त्यांनी १९६४मध्ये आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभारली आणि १९६९मध्ये टोकियोत पहिली खुली स्पर्धा भरवली. या लढतीत हाताने चेहऱ्यावर मारायचे नाही, पण डोक्यावर लाथ चालते. छाती-पोटावर ठोसे आणि मांड्यांवर लाथा पूर्ण जोराने बसतात. प्रतिस्पर्धी तीन सेकंद किंवा अधिक काळ खाली राहिला की इप्पोन, म्हणजे पूर्ण विजय. लवकर उठला तर अर्धा. बरेचजण पडतात ते उजव्या बरगडीखाली, यकृतावर बसलेल्या माराने, किंवा मांडीवर एकाच जागी पुन्हा पुन्हा लागलेल्या लाथांनी पाय चालेनासा झाल्यामुळे. चेहऱ्याची भीती नसल्याने लढणारे छातीला छाती भिडवून उभे राहतात आणि हात खाली ठेवतात. ही सवय रस्त्यावरच्या मारामारीत महागात पडेल, हा आक्षेप रास्त आहे. मार सोसून डोके शांत ठेवण्याचा सराव मात्र इथे खराखुरा होतो. अनेक संघटनांत ब्लॅक बेल्टसाठी लागोपाठ दहा लढती द्याव्या लागतात.

हे सगळे मुलांना जसेच्या तसे लावत नाहीत, लावूही नये. बालगटात हेल्मेट, छातीचे पॅड, हातमोजे आणि नडगीचे गार्ड वापरतात, लढत छोटी असते आणि जोडी वजन पाहून लावतात. यांतले वजन सर्वांत महत्त्वाचे. वाढीच्या वयात एकाच इयत्तेतल्या दोन मुलांत पंधरा किलोंचा फरक सहज असतो आणि बेल्ट एकच असला तरी तो भरून निघत नाही. हेल्मेटने जखम आणि खोक टळते, पण मेंदूला बसणारा हिसका पुरता थांबत नाही. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, डोके दुखते म्हणाले, उलटी झाली किंवा तोल गेला, तर त्या दिवशी त्याने पुन्हा लढायचे नाही. डॉक्टरांनी तपासल्यावर आधी विश्रांती, मग हलका व्यायाम, मग एकट्याने कता आणि शेवटी कुमिते, या क्रमाने परतायचे. बेल्टची परीक्षा दुसऱ्याच दिवशी असली तरी हाच नियम. ती तीन महिन्यांनी पुन्हा असतेच.