दूधविनायकाच्या गल्लीतील न्याहारी

काशीत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या घाटांच्या माथ्यावर जे मोहल्ले वसले, त्यांत दूधविनायक हा मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा. या नगरीशी महाराष्ट्राचा संबंध केवळ यात्रेपुरता नाही. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्मही काशीतलाच. अशा जुन्या दक्षिणी घरांतील स्वयंपाक सोवळ्याचा असे. मग परक्या हातचे पाणीदेखील जेथे चालत नसे, तेथील मंडळी हलवायाची कचोरी निःशंकपणे कशी खात, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल.

त्याचे उत्तर तुपाच्या कढईत आहे. उत्तरेकडील आचारात अन्नाचे दोन वर्ग मानीत. पाण्यात शिजविलेला भात, वरण, साधी पोळी हे ‘कच्चे’. तुपात तळलेली पुरी, कचोरी, मिठाई हे ‘पक्के’. कच्चे अन्न आपल्या वा आपल्याहून उच्च मानलेल्या जातीच्याच हातचे चाले. पक्क्याला ती अडचण फारशी नसे. आपल्याकडे भात खरकटा आणि लाडू-चिवडा मात्र तसा नव्हे, ही समजूत याच्याच जवळची. देशोदेशीचे यात्रेकरू जेथे रोज उतरतात, तेथे पेठेत तळणच का फोफावले, हे यावरून उमगते. नायजेरियातील लागोस शहरातही चवळीच्या वाटणाचा ‘अकारा’ रस्त्यावर तळून सकाळी खातात. पण तेथे तळण ही चवीची व सोयीची बाब आहे, काशीत ती आचाराचीही होती.

काशीची कचोरी आपल्या खुसखुशीत, दिवसेंदिवस टिकणाऱ्या कचोरीसारखी नव्हे. ती पुरीसारखी मऊ, पोटात उडदाच्या डाळीचे वाटण, सोबत बटाट्याची हिंगाची रस्साभाजी आणि अखेरीस जिलबी. उन्हे वर चढण्याच्या आत खाऊन संपविण्याची ती वस्तू आहे. हिवाळ्यात मटार आला की ‘चूडा-मटर’ निघते. मराठी माणसाला ते आपल्या पोह्यांचे सख्खे भावंड वाटावे. फरक इतकाच की कांद्याची जागा कोवळ्या मटाराने आणि तेलाची जागा तुपाने घेतलेली असते. टोमॅटोची चाट मात्र आपल्या ओळखीतली नाही. तव्यावर बटाट्याबरोबर मऊ शिजविलेला टोमॅटो, त्यावर जिऱ्याचा गोडसर पाक आणि चुरलेले नमकपारे.

या सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे ‘मलइयो’. आटविलेले दूध थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस वेलदोडा-केशर घालून मातीच्या पुरव्यात देतात. हा फेस दवाने येतो, असे विकणारे सांगतात. दवाचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेणे जिवावर येते. परंतु खरे काम थंडीचे आहे. दुधातील स्निग्धांश गारठ्याने घट्ट होतो व फेसाच्या बुडबुड्यांना आधार देतो. ऊन तापले की तो आधार वितळतो. म्हणूनच मलइयो उन्हाळ्यात होत नाही. फेस खाऊन झाला की त्याच पुरव्यात थोडे केशरी दूध ओततात. ते न घेता निघणे म्हणजे न्याहारी अर्धी टाकणे.

पुरवाही त्या आचाराचाच सोबती. एकदा ओठांना लागलेली माती पुन्हा वापरावयाची नाही, म्हणून तो फोडून टाकीत. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुपाने ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांत अस्पृश्य मानलेल्यांचा समावेश नव्हता. त्यांचा दुकानात जाण्याचा हक्क तुपाने नव्हे, कायद्याने मान्य केला. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने दुकान व उपाहारगृह यांत प्रवेश नाकारणे हा दंडनीय अपराध ठरला. पक्के-कच्चे यांचा विचार मग हळूहळू मागे पडला. कढई, द्रोण आणि पुरवा तेवढे राहिले. कागदी व प्लास्टिकच्या पेल्यांनी आता पुरव्याची जागा पुष्कळ ठिकाणी घेतली आहे. मलइयो मात्र अजून बहुधा मातीतच मिळतो, आणि दुपारपूर्वी गल्लीच्या कोपऱ्यात फुटक्या पुरव्यांचा ढीग साचतो.