जुन्या फोनची परतीची वाट

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुणे उभे राहते. बंगळुरूच्या छावणी भागातही याच नावाची वस्ती आहे. रसेल मार्केट आणि सेंट मेरी बॅसिलिका यांच्या अवतीभवती पसरलेली. वस्तू जुनी झाली म्हणून टाकून न देता दुरुस्त करून वापरण्याची वृत्ती अशा बाजारपेठांत अद्याप टिकून आहे. मोबाइल फोनही तिला अपवाद नाही. पाच-सात वर्षांचा फोन घेऊन दुकानात आलेल्या ग्राहकाची मागणी बहुधा ठरलेली असते : "अपडेट केल्यापासून फोन मंदावला आहे, पूर्वीचेच सॉफ्टवेअर घालून द्या." मागणी रास्त वाटते. परंतु ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत ती पुरी करून घेण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

फोन मंदावल्याची तक्रार काल्पनिक नसते. याचे बोलके उदाहरण बंगळुरूशीच निगडित आहे. मे २०१७ मध्ये शहरातील पीण्या औद्योगिक वसाहतीत, विस्ट्रॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात, ॲपलच्या आयफोन एसईची जुळणी सुरू झाली. भारतात जुळणी झालेला हा पहिला आयफोन होय. त्याच वर्षाच्या जानेवारीत ॲपलने आपल्या कार्यप्रणालीची १०.२.१ ही आवृत्ती प्रसृत केली होती. बॅटरी जीर्ण झाली की ती ऐन वेळी पुरेशी वीज पुरवू शकत नाही व फोन अचानक बंद पडतो. ते टळावे म्हणून प्रोसेसरचा वेग आपोआप कमी करण्याची योजना या आवृत्तीत होती. आयफोन ६, ६एस आणि एसई हे फोन तिच्या कक्षेत आले. ग्राहकांना मात्र हे स्पष्टपणे सांगण्यात आले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते मान्य केले, क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचे शुल्क २०१८ या वर्षापुरते उतरवले. भारतात ते ६,५०० रुपयांवरून करांव्यतिरिक्त २,००० रुपयांवर आले.

फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्याने या प्रकरणी फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला २.५ कोटी युरो दंड केला. त्या वेळी नोंदवलेली एक बाब आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. आधीच्या आवृत्तीवर परतणे शक्य नसल्याने अनेकांना बॅटरी बदलावी लागली अथवा नवा फोन घ्यावा लागला, असे त्या खात्याचे म्हणणे होते.

परतणे शक्य का नसते? आयफोनवर कोणतीही आवृत्ती चढवताना फोन कंपनीच्या सर्व्हरकडे मंजुरी मागतो व सर्व्हर त्या फोनापुरती डिजिटल सही देतो. नवी आवृत्ती आल्यावर सर्वसाधारणपणे एक-दोन आठवड्यांत आधीच्या आवृत्तीवर सही करणे थांबते. मुदत उलटलेल्या धनादेशासारखेच हे. कागद हाती असतो, पण वटत नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरवता येत नाही, ही अडचण निराळीच.

अँड्रॉइड फोनांत कंपनीगणिक रीत बदलते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून परतीस प्रतिबंध करणारी सोय मूळ रचनेतच आली. फोनच्या सुरक्षित स्मृतीत एक क्रमांक नोंदलेला असतो आणि त्याहून खालच्या क्रमांकाची आवृत्ती फोन चालूच होऊ देत नाही. २०१८ साली भारतात लोकप्रिय असलेल्या रेडमी नोट ५ प्रोवर शाओमीने अशी तटबंदी घातली, तेव्हा जुनी आवृत्ती चढवू पाहणाऱ्या काहींचे फोन निकामी झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ मालिकेबाबत गूगलनेही जाहीर केले, की अँड्रॉइड १३ घेतल्यावर १२ वर परतता येणार नाही.

यात केवळ नवे फोन खपवण्याचा हेतू पाहणे अन्यायाचे ठरेल. जुन्या आवृत्तीतील त्रुटी जगजाहीर झालेल्या असतात. परतीची वाट मोकळी राहिली, तर चोरही हाती आलेला फोन मागे नेऊन त्याच त्रुटींतून आत शिरू शकेल. तरीही दुरुस्तीचा अपडेट आणि वेग घटवणारा अपडेट एकाच पुडीत बांधून देणे योग्य नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता बँकेच्या बाजूने पाहू. आडवाटेने मागे जायचे तर बहुतेक अँड्रॉइड फोनांत बूटलोडर उघडावा लागतो. तो उघडताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. अनेक सॅमसंग फोनांत तर अनधिकृत सॉफ्टवेअर चढताच एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो व सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी पुन्हा मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षिततेविषयी जे निर्देश दिले, त्यांनुसार फोन किमान अटी पूर्ण करत असेल तरच बँकेचे ॲप चालू द्यावयाचे असते. ॲपच्या जुन्या आवृत्त्याही टप्प्याटप्प्याने बंद कराव्या लागतात. म्हणून मागे नेलेल्या फोनवर ॲप उघडले नाही, तर तो शाखेतील कर्मचाऱ्याचा हट्ट नव्हे, हे ग्राहकांनी ध्यानी घ्यावे. आणि कर्मचाऱ्यांनीही "चालत नाही" एवढेच न सांगता कारण समजावून द्यावे.

मग मंदावलेल्या फोनचे करावे काय? प्रथम बॅटरी तपासावी. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत दिसते. ८० च्या खाली गेल्यास ती बदलणे श्रेयस्कर. साठवण काठोकाठ भरली असल्यास छायाचित्रे व चित्रफिती अन्यत्र हलवाव्यात. कधी पुढची आवृत्तीच गुण देते. २०१८ मध्ये आलेल्या आयओएस १२ मुळे आयफोन ६ प्लसवर कॅमेरा ७० टक्क्यांपर्यंत अधिक वेगाने उघडतो, असा ॲपलचा दावा होता.

दुरुस्तीस देताना सिमकार्ड काढून घ्यावे. बँकेची व यूपीआयची ॲप्स आधी काढून टाकावीत आणि फोन परत आल्यावर अधिकृत स्टोअरमधूनच नव्याने घेऊन नोंदणी करावी. यूपीआय पिन दुकानदारास "तपासणीसाठी" म्हणूनही सांगू नये. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळणे थांबले आहे, तो गाणी ऐकण्यास वा नातवंडांची छायाचित्रे पाहण्यास खुशाल ठेवावा. बँकेचे खाते मात्र दुसऱ्या फोनवर हलवावे.