दिव्यांग आणि वाहन परवाना : पात्रता कशी ठरते?

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ८. अर्जदाराच्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्याचे वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल, असे दिसल्यास शिकाऊ परवाना नाकारावा लागतो. मात्र अनुकूलित वाहन तो चालवू शकत असेल, तर तेवढ्यापुरता परवाना मिळतो. नकारापूर्वी ही शक्यता तपासली जाणे महत्त्वाचे.

अनुकूलित वाहन : दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेले किंवा बदल केलेले वाहन. पाय चालत नसतील तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवण्याची सोय. डावा पाय नसेल तर क्लचविना ऑटोमॅटिक गिअर. ‘इनव्हॅलिड कॅरेज’ ही जुनी संज्ञा २०१९च्या दुरुस्तीने गेली. चाचणी अर्जातल्या प्रकारच्याच वाहनावर होते.

नमुना १ : अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र. फेफरे, रातांधळेपणा, हातापायांतील दोष यांची विचारणा.

नमुना १-अ : डॉक्टरांचे प्रमाणपत्र, वाहतूक वाहनांच्या परवान्यासाठी आवश्यक.

नजर : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता यावी. चष्मा चालतो.

रंगांधळेपणा : २०२०पासून सौम्य व मध्यम स्वरूपाचा असल्यास परवाना मिळू शकतो; तीव्र असल्यास नाही.

गल्लत होते ती इथे : दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधील ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. परवान्यासाठी पाहिले जाते ते वाहनावरचे नियंत्रण.