पंख्याचं बटण आणि एक ओहम

१९९६ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या केटी फ्रीवेवर आमची गाडी तापली, तेव्हा मागच्या सीटवर आई बसली होती. नाशिकहून येऊन तिला जेमतेम दहा दिवस झाले होते. पुढे नजर पोचेल तिथवर गाड्यांची रांग, वर आग ओकणारं ऊन आणि डॅशबोर्डवरचा काटा तांबड्या पट्टीकडे निघालेला. मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. "अरे, एवढ्या उन्हात शेगडी कशाला पेटवलीस?" आईनं विचारलं. हीटर म्हणजे इंजिनातलंच गरम पाणी खेळवणारा एक छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिन तेवढं निवतं, हे समजावून सांगायची ती वेळ नव्हती. काटा थोडा उतरला आणि आम्ही घामानं निथळत घरी पोचलो.

गाडी १९८४ ची, चार सिलिंडरची. दोन आठवड्यांनी ती माझ्या मुलीबरोबर ऑस्टिनला कॉलेजात जायची होती, सुमारे १६५ मैल. म्हणून हे प्रकरण त्याच शनिवारी निकालात काढणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर प्रकरणाचा आरोपी मीच होतो.

दोन वर्षांपूर्वी या गाडीच्या रेडिएटरमधला, पाणी तापलं की पंखा आपोआप चालू करणारा स्विच निकामी झाला होता. पेशानं मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. रिफायनरीतल्या ४१६० व्होल्टच्या मोटर्स सांभाळणाऱ्यानं बारा व्होल्टच्या पंख्यासाठी मेकॅनिककडे जायचं? मी एक साधं बटण आणलं, डॅशबोर्डाखाली भोक पाडून बसवलं. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून बटण, बटणापासून थेट पंखा. गर्दीत शिरलं की बटण दाबायचं, हायवेला लागलं की बंद करायचं. मंडळाच्या पिकनिकला चार जणांना मी ते कौतुकानं दाखवलंही होतं.

हायवेला बंद का, तर ताशी साठ मैल वेगानं जाताना समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. पंख्याची गरज गाडी थांबलेली असताना. त्यामुळे ज्या गाडीचा काटा फक्त सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तिच्यात संशय आधी पंख्यावर घ्यावा. हायवेवरही तापत असेल तर मात्र पाणी कमी आहे का, थर्मोस्टॅट अडकलाय का, रेडिएटर तुंबलाय का, हे पाहायला हवं. (आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण आत साधारण १५ पौंडांचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढताक्षणी दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.)

शनिवारी सकाळी बॉनेट उघडलं. पहिली तपासणी सर्वांत सोपी: पंख्याचा प्लग काढून बॅटरीपासून दोन जाड वायरींनी मोटरला थेट वीज दिली. पंखा भर्रकन फिरला. म्हणजे पंखा निर्दोष. फ्यूज पाहिला, शाबूत. आता वायरिंग. बटण दाबून पंख्याच्या प्लगवर मीटर लावला: १२.४ व्होल्ट. म्हणजे वीज येते आहे. काळी वायर बॉडीला नीट जोडलेली आहे का, म्हणून ओहम मोजले: ०.९. "शून्यच की!" मी स्वतःशी म्हणालो. प्लग परत लावला, बटण दाबलं. पंखा ढिम्म.

दोन तास गेले. सगळं बरोबर आणि पंखा बंद. सौभाग्यवती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मी जुलैपासून सांगतेय, या गाडीत जळका वास येतो." त्यावर मी जुलैपासून देत असलेलं उत्तर, "बाहेरचा असेल", या वेळी दिलं नाही.

मग आठवला नाशिकच्या आमच्या वाड्यात येणारा वायरमन. त्याच्या पिशवीत मीटर नसे. एक बल्बचा होल्डर, त्याला लोंबणाऱ्या दोन वायरी आणि साठ वॉटचा बल्ब. संशय येईल तिथे तो वायरी टेकवायचा आणि बल्बकडे बघायचा. बल्ब पिवळट लागला की म्हणायचा, "कार्बन धरलाय." इंजिनिअरिंगला गेल्यावर मला त्या बल्बचं हसू यायचं.

गॅरेजमध्ये जुन्या हेडलाइटचा एक ५५ वॉटचा दिवा पडलेला होता. त्याला दोन वायरी जोडल्या आणि पंख्याच्या प्लगमध्ये खुपसल्या. दिवा लागला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. तो जळत असतानाच प्लगवर पुन्हा मीटर लावला. मघाचे १२.४ व्होल्ट आता ४ झाले होते.

सगळी गोम इथे आहे. मीटर खोटं बोलत नव्हता. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि करंट वाहत नसेल तर सडलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. नळ बंद असताना अर्ध्या तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, तसंच. तोटी सोडली की करंगळीएवढी धार. म्हणून मोजमाप घ्यायचं ते तोटी सोडून, म्हणजे पंखा किंवा दिवा चालू असताना.

दिवा तसाच जळत ठेवून मी हरवलेले व्होल्ट शोधायला निघालो. पद्धत सोपी आहे. मीटरच्या दोन्ही काड्या एकाच वायरीच्या किंवा एकाच बटणाच्या दोन टोकांना लावायच्या. तिथे जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या तुकड्यानं खाल्ले. चांगला जोड फार तर ०.१ किंवा ०.२ खातो. माझ्या बटणाच्या दोन टोकांत ६ व्होल्ट निघाले. बॅटरीचं ऋण टोक आणि पंख्याची काळी वायर यांच्यात १.८. उरलेला चिल्लर खर्च ठिकठिकाणच्या जोडांत. चोर सापडले.

काळ्या वायरीतला तो ०.९ ओहम, ज्याला मी शून्य म्हटलं होतं, त्याचा हिशेब पाहा. त्यातला मीटरच्या काड्यांचा वाटा सोडला तरी ०.७ उरतात. माझा पंखा सुमारे १५ अँपियर घेतो. १५ गुणिले ०.७ म्हणजे साडेदहा व्होल्ट त्या एका गंजलेल्या बोल्टलाच लागणार. मग पंख्याला काय उरलं? हजारो व्होल्टच्या मोटर्समध्ये वावरणाऱ्या माणसाला एक ओहम किरकोळ वाटतो. बारा व्होल्टच्या जगात तो डोंगर असतो.

बटण काढून हातात घेतलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. त्याची पाठ तपकिरी होऊन वितळली होती, वायरीचं वेष्टण कडक होऊन शेजारच्या वायरीला चिकटलं होतं. आतल्या पत्र्यांत सुरुवातीला ०.१ ओहमचा कार्बन धरला असेल असं समजा. १५ अँपियरला तिथे साडेबावीस वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एक छोटी सोल्डरिंगची कढई. ती तापते, कार्बन वाढतो, आणखी तापते. आणि फ्यूज? तो जळला नाही, जळणारही नव्हता. फ्यूज जास्त करंट गेला तर तुटतो. खराब जोडानं करंट उलट कमी होतो. मुलीच्या गुडघ्यापासून सहा इंचांवर मी एक चूल बसवली होती आणि फ्यूज आहे म्हणून निश्चिंत होतो.

उपाय जुनाच आहे, रिले. गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी चौकोनी डबी, तिच्या पायांवर आकडे असतात: ३०, ८७, ८५ आणि ८६. ३० ला बॅटरीची जाड वायर, ८७ ला पंखा. ८५ आणि ८६ च्या मध्ये आत बारीक तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक बनून ३० आणि ८७ ची गाठ घालून देतं. वेटोळ्याला अँपियरचा पाचवा हिस्साही लागत नाही. तेव्हा डॅशबोर्डवरच्या बटणातून फक्त एवढाच करंट न्यायचा आणि पंख्याचे १५ अँपियर पुढे इंजिनापाशीच ठेवायचे. मी ८६ ला किल्ली फिरवल्यावर चालू होणारी वायर दिली, ८५ बटणामार्फत बॉडीला. जाड वायर १० गेजची, आणि ३० अँपियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो जितका लांब तितकी मधली वायर बेवारस. गंजलेला बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासला.

पंख्याला जाड वीज बॅटरीकडूनच द्यावी, किल्लीच्या वायरीवरून नाही. मंडळातल्या एका मित्रानं तसं केलं होतं. त्याची गाडी किल्ली काढल्यावरही काही क्षण धडधडत राही. बंद केलेला पंखा गरगरत असतो तोवर त्याची मोटर जनित्र बनते आणि उलट्या दिशेनं इग्निशनला वीज पुरवते. त्याच्या घरी हा भुताटकीचा विषय झाला होता.

हातानं चालवायच्या बटणाचा शेवटचा दोष वायरिंगमध्ये नसतो, विसरण्यात असतो. अठरा वर्षांची मुलगी, सोबत मैत्रिणी, गाण्याची कॅसेट. काट्याकडे कोण बघतंय? म्हणून रेडिएटरमध्ये नवा उष्णतेचा स्विच बसवला आणि त्याची वायरही ८५ लाच जोडली. दोघांपैकी कुणीही एक चालू झाला की पंखा फिरणार. दोन वर्षांपूर्वी हाच स्विच बदलला असता तर एवढी रामकहाणी झाली नसती, हे सौभाग्यवतीनं लगेच निदर्शनास आणून दिलं.

हे करून पाहणार असाल तर हातातली अंगठी आणि कडं आधी काढा. बॅटरी आणि बॉडी यांच्यामध्ये अडकलेलं सोनं क्षणात लालबुंद होतं. काही गाड्यांचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो, म्हणून त्याच्याजवळ बोटं नेण्यापूर्वी बॅटरीचं ऋण टोक सोडवा. आणि नव्या गाड्यांत पंख्याचा वेग कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या वायरींना हेडलाइटचा दिवा लावू नका, तो महागात पडेल. जाड वायर आणि बॉडीचा बोल्ट मात्र त्यांतही असतातच, आणि गंजतातही.

संध्याकाळी गाडी ड्राइव्हवेत वीस मिनिटं नुसती चालू ठेवली. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला आणि बटणाला हात न लावता पंखा घरघरला. चालू पंख्यावर काळ्या वायरीत ०.१ व्होल्ट. आई पायरीवर बसून बघत होती. "झालं का दुरुस्त?" मी हो म्हटलं. "मग तो दिवा तिच्या गाडीत ठेवून दे," ती म्हणाली. वायरी गुंडाळून मी तो डिकीत ठेवला.