न ओरडणारं दुखणं

मंद्रूपच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं आवार. लोखंडी खोड्यात म्हैस उभी आहे. तिच्या मागे दोन शेळ्या, एक खिलार बैल आणि कडुलिंबाच्या सावलीत बारदानावर बसलेली तांबूस कुत्री. मे महिना. अकराच वाजलेत, पण पत्र्याची शेड भाजते आहे. सोलापूर-विजयपूर महामार्गावरून ट्रक धडधडत जातो. कुत्री अंग चोरते.

तिला घेऊन आलेला पोरगा कॉलेजात शिकतो. ढाब्यामागे पडलेली ही कुत्री त्याने घरी आणली. खरूज गेली, अंग धरलं. आता मात्र पाठीवर हात ठेवला की गुरगुरते. ‘बाजेखालनं उठायला लई वेळ लावतीय, साहेब,’ तो सांगतो.

शेळ्यांजवळच्या मावशी विचारतात, ‘ओरडत तर न्हाई. मग दुखतंय कशावरनं?’

डॉक्टर लगेच हात लावत नाहीत. भिंतीपासून फाटकापर्यंत तिला चालवायला सांगतात. आधी सावकाश, मग दुडक्या चालीने. रांगेतली माणसंही आता तिच्या पायांकडे बघू लागतात. धडधाकट कुत्र्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, 40 टक्के मागच्या. हिने मागचा भारही पुढे ढकललेला दिसतो. खांदे भरलेले, मांड्या सुकलेल्या. उजव्या मागच्या पायाचं पाऊल आखूड पडतं. बसताना तो पाय बाजूला टाकते.

‘घरचा व्हिडिओ आहे का?’ डॉक्टर विचारतात. परक्या जागी भेदरलेलं कुत्रं लंगडणंही लपवतं. मोबाइलच्या पडद्यावर तीच कुत्री सकाळी उठते आहे. आधी पुढचे पाय, मग थांबणं, मग कसाबसा मागचा भाग. ओट्याची पायरी ती टाळते.

आता तपासणी. तोंडाला सुती पट्टी बांधतात. तापमान 101.8 फॅरनहाइट. कुत्र्यासाठी हा ताप नाहीच. कानामागे गोचिड शोधतात, कारण गोचिडतापातही सांधे धरतात. मग बोटं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सरकू लागतात. छातीचे 13 मणके, कमरेचे 7. कंबर संपते तिथे, शेपटीच्या थोडं अलीकडे, बोट दाबलं जातं.

ती ओरडत नाही. धाप एकदम थांबते. ती ओठ चाटते, मान वळवून बोटाकडे बघते.

‘बघितलंत, मावशी?’ डॉक्टर म्हणतात. मावशी मान हलवतात.

मागचा पंजा उलटा टेकवला जातो. ती तो झटकन सरळ करते. म्हणजे नस शाबूत असावी. डावा पाय मागे सहज ताणला जातो, उजवा खुब्यात अडतो. टेप लावल्यावर उजव्या मांडीचा घेर दोन सेंटिमीटर कमी भरतो. हा पाय ती बरेच दिवस जपते आहे. कदाचित कधीकाळी गाडीची धडक बसली असेल. एक्स-रेसाठी सोलापूर गाठावं लागेल.

तोवर दुखणं कमी करणारं औषध, वजनावर मोजून. ‘जेवल्यावरच द्यायचं. पाणी भरपूर. उलटी झाली, शी काळी पडली तर बंद. आणि घरातली माणसांची गोळी अजिबात नाही.’ आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं. औषधाने ती लवकर उठू लागली, गुरगुर थांबली, तर निदानाला तोही एक पुरावा. पोरगा सगळं वहीत लिहून घेतो.

वागणं बिघडलेल्या कुत्र्या-मांजरांबद्दल 2020 साली तज्ज्ञांचा एक लेख आला. त्यांच्याकडे आलेल्या निदान एकतृतीयांश जनावरांत कुठलं तरी दुखणं होतं. गावात अशा कुत्र्याला खुनशी म्हणतात, दगड मारतात. त्याला कुठे दुखतंय हे कुणी बघत नाही.

रांग पुढे सरकते. साखळीला धरलेलं काळं कुत्रं आत येतं. मालक दुरूनच म्हणतो, ‘साहेब, जपून. हल्ली अंगावर धावतंय.’

डॉक्टर दोन पावलं मागे सरतात. ‘आधी चालवून दाखवा.’