जिभेची जागा कोणती?

'तोंड मीट रे!' हे आमच्या घरातले रोजचे वाक्य. ते ऐकायचे माझ्या धाकट्या भावाने. बाळू नऊ वर्षांचा. वाचताना, खेळताना, झोपेत त्याचे तोंड सदा उघडे. शेजारच्या कन्नड आजीही 'बायि मुच्चो' म्हणून त्याला हटकत. शाळेत त्याला 'बावळट' हे नाव पडले होते आणि खरे सांगायचे तर ते नाव मीही पुष्कळदा वापरले. रात्री तो एखाद्या म्हाताऱ्यासारखा घोरे, सकाळी उठवता उठत नसे आणि वर्गात पेंगे.

त्याचे पुढे आलेले दात दाखवण्यासाठी आई त्याला दंतवैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी दातांआधी नाकाची चौकशी केली आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवले. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात ॲडेनॉइड नावाची गाठ असते. ती वाढून बाळूची श्वासाची वाट अडली होती. शस्त्रक्रिया झाली, नाक मोकळे झाले. पण तोंड काही मिटेना! वाट खुली झाली तरी इतक्या वर्षांची सवय जाते कुठे? तेव्हा डॉक्टरांनी 'मायोफंक्शनल थेरपी' सुचवली. 'मायो' म्हणजे स्नायू. जीभ, ओठ व गाल यांच्या स्नायूंना व्यायामाने योग्य वळण लावणे, असा त्याचा सरळ अर्थ. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; पण हे व्यायाम करून घेण्याचे काम माझ्याकडे आले, म्हणून त्यामागचे कारण समजून घेतले.

तोंड मिटलेले असताना जिभेने कुठे असावे? 'न' म्हणून पाहा. जिभेचे टोक जिथे टेकते, त्या वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टोक आणि बाकीची जीभ टाळूला लागलेली, ही तिची हक्काची जागा. दातांवर आतून जिभेचा आणि बाहेरून ओठ-गालांचा दाब असतो. आमच्या ताळेबंदासारख्या या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे दातांची कमान नीट वाढते. तोंड उघडे राहिले की जीभ खाली पडते. मग वरचा जबडा अरुंद होतो, टाळू उंच होते आणि दात पुढे येतात. तोंडातली टाळू हीच नाकाची जमीन. त्यामुळे नाकातली वाटही आकसते. म्हणजे तोट्यावर पुन्हा तोटा!

नाक हवा गाळते, उबदार करते, ओलसर करते. तोंडाला हे जमत नाही. उलट तोंडाने श्वास घेतल्यास लाळ सुकते. दात किडवणारे आम्ल सौम्य करण्याचे काम लाळेचे. ती सुकली की दात किडतात, हिरड्या सुजतात आणि तोंडाला दुर्गंधी येते. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, घसा अरुंद होतो व घोरणे सुरू होते. काहींचा श्वास दहा-दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो. दर वेळी मेंदू दचकून जागा होतो; माणसाला मात्र वाटते, आपण रात्रभर झोपलो. बाळूची पेंग आळसातून आलेली नव्हती. त्याची रोजची झोपच अपुरी होती.

हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेतील दंततज्ज्ञ आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्येच चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामाचा पुरस्कार केला होता. ब्राझीलमध्ये २००९ मध्ये झोपेत श्वास अडण्याचा मध्यम विकार असलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिने व्यायाम करणाऱ्यांत श्वास अडण्याचे प्रमाण तासाला सरासरी २२ वरून सुमारे १४ वर आले. अशा अनेक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हे प्रमाण प्रौढांत सुमारे ५० टक्के व मुलांत ६२ टक्के घटलेले दिसले. घट म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

व्यायाम अगदी साधे आहेत. जीभ टाळूला चिकटवून टांगेवाल्यासारखा 'टक्' आवाज काढणे. दोऱ्यात ओवलेले मोठे बटण ओठांमागे, दातांपुढे धरून दोरा ओढला तरी सुटू न देणे. ओठ न आवळता, जीभ टाळूला लावून पाण्याचा घोट गिळणे. रोज थोडा वेळ, पण महिनोन्‌महिने. कंटाळा हाच मोठा शत्रू!

मात्र व्यायाम तज्ज्ञांनी शिकवल्यावरच करावेत. नाक चोंदलेले असेल तर आधी त्यावर उपचार हवा. मुलाचे तोंड चिकटपट्टीने बंद करण्यासारखे अघोरी उपाय तर मुळीच करू नयेत. झोपेत श्वास थांबत असेल तर रीतसर तपासणी करून घ्यावी. व्यायाम इतर उपचारांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नव्हे.

सात महिने झाले. बाळूचे घोरणे जवळजवळ थांबले आहे आणि सकाळी तोच मला उठवतो. दात सरळ व्हायला तारेची गरज लागेलच. पण त्याला 'बावळट' म्हणताना माझी जीभ जागेवर नव्हती, हे मला कळले आहे. परवा मी अभ्यासात गढलो असता तो हळूच जवळ आला आणि म्हणाला, ''दादा, तोंड मीट!''

वाचकहो, तुमचे मिटलेले आहे ना?