सोयऱ्यांच्या घरी

मुलांनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट तुम्हांला आठवत असेल. बांधावरच्या गवतात सशाचं पिल्लू सापडलं म्हणून चौथीची मुलं ते टोपीत घालून शाळेत घेऊन आली. मूठभर जीव! सगळी शाळा भोवती गोळा झाली. कुणी गाईचं दूध आणलं, कुणी कोवळं गवत आणलं, कुणी खोक्यात चिंध्या अंथरून बिछाना केला. ‘मोती’ असं नावही ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोती खोक्यात गार पडला होता. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणाचा डबा उघडला नाही. “आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नाही, मग तो मेला का?” असं मुलांनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर या लेखात आहे.

पहिली गोष्ट ही, की तुमची माया खोटी नव्हती. रानातल्या जिवांनी आपल्याला ओळखावं, न भिता जवळ यावं, आपल्याला त्यांच्यातलंच एक मानावं, असं लहानथोर सगळ्यांनाच वाटतं. ही ओढ फार जुनी आहे. तुकाराम महाराजांनीसुद्धा रानातल्या प्राण्यांना आपले सोयरे म्हटलं. पण सोयऱ्याच्या घरी जाण्याची एक रीत असते. ती रीत एका बाईंनी जन्मभर शिकून घेतली. त्यांचं नाव जेन गुडॉल.

जेनचा जन्म १९३४ साली इंग्लंडमध्ये लंडन शहरात झाला. चार-पाच वर्षांची असताना तिला प्रश्न पडला, कोंबडी अंडं घालते ते येतं कुठून? कुणी नीट सांगेना. तेव्हा ही पोर खुराड्यात शिरली आणि पेंढ्यात गप्प बसून राहिली. एक नाही, दोन नाही, चांगले चार तास! इकडे घरचे शोधून थकले, पोलिसांनाही कळवलं. अंगाला पेंढा चिकटलेली जेन धावत आली, तेव्हा आईने रागावण्याऐवजी अंड्याची सगळी हकीकत ऐकून घेतली.

आफ्रिकेच्या जंगलात जाऊन प्राण्यांमध्ये राहायचं, हे तिने लहानपणीच ठरवलं होतं. कॉलेजात जायला घरी पैसा नव्हता. तिने हॉटेलात ताटं-बशा उचलण्याचं काम करून बोटीच्या भाड्याचे पैसे साठवले आणि १९५७ साली केनिया देश गाठला. तिथे लुई लिकी या शास्त्रज्ञांनी तिची चिकाटी हेरली. त्यांनी तिला टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे नावाच्या जंगलात पाठवलं. हे जंगल आज टांझानिया देशात आहे. तारीख होती १४ जुलै १९६०. जेनचं वय २६. एकट्या मुलीला सरकारी अधिकारी परवानगी देईनात, म्हणून सोबतीला आई आली.

काम होतं चिंपांझींचा अभ्यास करण्याचं. चिंपांझी म्हणजे बिनशेपटीचं, आपल्याशी पुष्कळ मिळतंजुळतं वानर. पण जेनबाई दिसल्या, की ते दूरवरूनच पळ काढत. मग बाईंनी काय केलं? पाठलाग केला नाही, जाळं लावलं नाही. रोज त्याच टेकडीवर, तसेच मळकट रंगाचे कपडे घालून, दुर्बीण घेऊन त्या बसून राहिल्या. असे महिने गेले. हळूहळू चिंपांझींना कळलं, की ही बाई आपल्याला काही करत नाही.

पांढऱ्या दाढीच्या एका चिंपांझीची भीती सर्वांत आधी मोडली. बाईंनी त्याचं नाव ठेवलं डेव्हिड ग्रेबर्ड. तो वारुळात गवताची काडी खुपसून वाळवी बाहेर काढून खाताना त्यांना दिसला. हत्यार फक्त माणूसच करतो, असं तोवर मानत. पण चिंपांझी डहाळीची पानं ओरबाडून तिचं हत्यार करत होते! ही बातमी जगभर गेली.

एकदा बाईंनी डेव्हिडपुढे हातावर एक तांबडं फळ धरलं. त्याने तोंड फिरवलं. बाईंनी हात आणखी पुढे केला. मग त्याने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, फळ घेतलं, खाली टाकलं आणि बाईंचा हात हलकेच दाबला. फळ नको, पण तुझं मन कळलं, असंच जणू तो म्हणाला. तो स्पर्श बाई कधी विसरल्या नाहीत.

पण पुढचं ऐका. चिंपांझी जवळ यावेत म्हणून तळावर केळी ठेवायला सुरुवात झाली. ते आले खरे, पण केळ्यांसाठी आपसांत मारामाऱ्या करू लागले. १९६६ साली त्या भागातल्या माणसांत पोलिओ होता, तो चिंपांझींना झाला. कुणाचे हात लुळे पडले, काही दगावले. बाईंनी केळ्यांतून लस दिली. माणसाचा रोग त्यांनाही होतो. पुढे केळी कमी करत पूर्ण बंद केली. आता गोंबेत चिंपांझींना हात लावत नाहीत, लांबूनच पाहतात. आणि १९६७ साली बाईंना मुलगा झाला, तेव्हा तान्हेपणी त्याला जाळीच्या आड ठेवावं लागलं. कारण चिंपांझी लहान माकडांची शिकार करतात. माया कितीही असो, रानचा जीव रानचाच राहतो.

आता मोतीकडे येऊ. सशाची आई दिवसभर पिल्लाजवळ बसत नाही. तिच्या मागावर कोल्हा येईल म्हणून ती लांब राहते आणि अंधार पडल्यावर येऊन दूध पाजते. पिल्लू निपचित बसतं, ते त्याचं लपणं असतं. मोती पोरका नव्हता. आपणच त्याला आईपासून उचलून आणलं. गाईचं दूध त्याला सोसण्यासारखं नव्हतं, आणि आपल्या गर्दीने तो भेदरला होता. शिवाय १९७२ च्या कायद्याने रानातला ससा धरायला बंदी आहे. घाटात गाडी थांबवून माकडांना शेंगदाणे टाकतात, त्याचंही असंच. माकडं रस्त्यावर येतात, गाडीखाली सापडतात आणि शेवटी चोर ठरतात.

सोयऱ्याच्या घरी आपण दारात थांबतो. त्याच्या माजघरात शिरत नाही, त्याचं लेकरू उचलून आणत नाही. रानातही तसंच वागावं. जेनबाई १ ऑक्टोबर २०२५ रोजी ९१ व्या वर्षी वारल्या. त्या गोंबेत गेल्या तेव्हा पदवीसुद्धा नव्हती. होती ती खुराड्यात चार तास गप्प बसण्याची सवय.

करून पाहा : रविवारी शाळेमागच्या कडुनिंबाखाली अर्धा तास न बोलता, न हलता बसा. साळुंकी, खार, सरडा काय करतात ते वहीत लिहा. चांगली टिपणं पुढच्या अंकात याच भिंतीवर लावू.